रांजणाच्या बुडातला पिंपळ

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, बसलिंगप्पा नावाचे एक मापाडी होते. १९७४ च्या जूनमध्ये माझ्या यजमानांना, रेणुकादासांना, तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नोकरी लागली आणि आम्ही नांदेड सोडून उदगीरला आलो. मला मुलींच्या शाळेत काम मिळालं. बसलिंगप्पांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या. मागं ते, त्यांची आई शांतम्मा आणि बायको कमलम्मा अशी तीन माणसं राहत. एकुलती एक मुलगी निलंग्याला दिलेली होती. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

माणूस उंचापुरा, खांद्यात जरा वाकलेला. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. तीस वर्षं त्यांनी मोंढ्यात ज्वारी, तूर आणि करडई मापण्यात घालवली होती. जुन्या मापाड्यांच्या रीतीप्रमाणे पहिल्या मापाला ते ‘एक’ म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत आणि मग दोन, तीन असं पुढं जात. पोतं नुसतं हातानं उचलून बघितलं की वजन सांगत, आणि काट्यावर घातल्यावर फरक निघालाच तर तो मूठभर धान्याचा.

राहायला गेलो त्याच दिवशी संध्याकाळी हे पाणी आणायला मागच्या अंगणात गेले ते बराच वेळ परत येईनात. मी जाऊन बघितलं तर रिकामी बादली हातात धरून उभे. समोर धुण्याच्या दगडाशेजारी एका फुटक्या रांजणाचं बूड ठेवलेलं होतं. खोली चार बोटं, फार तर. त्यात पिंपळ होता. रोप नव्हे, झाड. उंची वीतभर, पण बुंधा अंगठ्याएवढा जाड, सुरकुतलेला, एका अंगाला कललेला. तीन फांद्या, आणि त्या फांद्यांना दोऱ्यांनी बांधून खाली सोडलेली जुनी पितळी वजनं. कुठं छटाक, कुठं अधपाव. शेर-छटाक बंद होऊन किलो आले तेव्हा मोंढ्यातली ही वजनं निकामी झाली होती. अप्पांनी ती घरी आणून या कामाला लावली होती.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?” यांनी विचारलं.

“कुणी न्हाई,” अप्पा म्हणाले. “फांदी सरळ वर जाऊन राहिली होती. म्हाताऱ्या झाडाची फांदी अशी ऱ्हात न्हाई. ती खाली येती. म्हणून वजन लावलं.”

बोन्साय हा शब्द अप्पांनी आयुष्यात ऐकलेला नव्हता.

ते झाड त्यांच्याकडे आलं कसं, ते पुढं हळूहळू कळत गेलं. बहात्तरच्या दुष्काळात मोंढा ओस पडला. मापायला धान्यच नव्हतं, तर मापाडी काय करणार? अप्पा दुष्काळी कामावर गेले. उदगीरपासून दोन-तीन कोसांवरच्या एका गावात जुनी बारव होती, दगडी पायऱ्यांची विहीर. ती पार कोरडी पडली होती. तिच्यातला गाळ काढून ती आणखी खोल करायचं काम निघालं होतं. मुकादम होते शेषेराव नावाचे. कडक, पण सरळ माणूस.

त्या वर्षी मुलखात हिरवं म्हणून काही दिसत नव्हतं. लिंब, बाभळी, पिंपळ, सगळ्यांचा पाला जनावरांसाठी ओरबाडून नेलेला. उदगीरच्या मठातला भला मोठा पिंपळही नुसता खराटा झाला होता. आणि इकडं बारवेच्या भिंतीत, दोन दगडांच्या सांध्यातून, करंगळीएवढ्या जाडीचा एक पिंपळ निघालेला होता. त्याला सात पानं होती. हिरवीगार. सगळे मजूर येता-जाता त्याच्याकडं बघायचे.

शेषेरावांनी तो काढून टाकायला सांगितला. मुळ्या वाढल्या की भिंत फुटेल, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण पिंपळावर कुऱ्हाड चालवायला कुणीच तयार होईना. शेवटी अप्पा म्हणाले की मी काढतो, पण तोडणार नाही, मुळासकट काढतो. छिन्नी आणि हातोडी घेऊन दुपारच्या सुट्टीत ते सांध्यातला चुना खरवडायला बसले. दुसरे सावलीला बसून भाकर खायचे, अप्पा मुळाच्या मागं लागलेले.

तीन दिवस ते मूळ संपेना. वर झाड वीतभर आणि खाली मूळ दगडांच्या चिरांमधून वाट काढत चाललेलं. कुठं सुतळीएवढं बारीक, कुठं कागदासारखं चपटं झालेलं. मध्ये एका मोठ्या चिऱ्याला त्यानं अख्खा वळसा घातला होता. अप्पांनी हातानं मोजलं, नऊ हात भरलं. मला हे सांगताना दरवेळी त्यांचा आवाज खाली यायचा. देवळात बोलावं तसा.

“बाई, नऊ हात. वर सात पानं, अन् खाली नऊ हात. आपण म्हणतो झाड एवढंसं हाय. झाड तर खालीच होतं सगळं.”

चौथ्या दिवशी मूळ भिंत सोडून बारवेच्या तळाकडं वळलं आणि एका कपारीत शिरलं. अप्पांनी तिथं बोट घातलं तर बोटाला माती चिकटली. ओली माती. त्यांनी शेषेरावांना हाक मारली. शेषेरावांनीही बोट घातलं, बोट नाकाजवळ नेलं आणि पहारवाल्यांना तिथं बोलावलं. तोवर खोदकाम पलीकडच्या बाजूला चाललं होतं. दोन दिवस तिथं खणल्यावर करंगळीएवढा झरा लागला. गावाची तहान भागावी एवढं पाणी काही त्यातून आलं नाही. पण पहाटेपर्यंत खळगा भरायचा आणि बायका नंबर लावून वाटीवाटीनं घागरी भरायच्या. उन्हाळाभर तेवढं पाणी टिकलं.

मुळाचं टोक अप्पांनी झऱ्याशीच राहू दिलं. वर हातभर मूळ ठेवून झाड कापून घेतलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळून घरी आणलं. कुंडी नव्हती. रांजण नुकताच फुटला होता, त्याचं बूड घेतलं. मुरूम, विटांचा चुरा आणि थोडं जुनं शेणखत, एवढंच त्यात मावलं. पाणी म्हणजे तांदूळ-डाळ धुतलेलं, तेही दिवसाआड. झाड लहान ठेवायचं असं अप्पांच्या मनात अजिबात नव्हतं. पाऊस आला की मठाच्या आवारात लावू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण पाऊस आला तोवर झाडाचं काहीतरी वेगळंच होऊन बसलं होतं. जुनी पानं गळून नवी फुटली ती तळहाताएवढी नव्हे, रुपयाएवढी. आकार मात्र तोच. तोच बदाम, तेच लांब शेपटीसारखं टोक. अप्पा ते पान हातात धरून बसले आणि झाड घरीच राहिलं.

घरात मात्र हे कुणालाच रुचलं नव्हतं. कमलम्मा त्या खापराला हात लावत नसत. पिंपळ खुंटवला की घर खुंटतं, असं गल्लीतल्या बायका त्यांना ऐकवायच्या. आणि शांतम्मा तर मुलावर सरळ चिडलेल्या. त्या तेव्हा पंचाहत्तरच्या असतील. दर सोमवारी मठात चालत जायच्या आणि तिथल्या पिंपळाला अकरा फेऱ्या घालायच्या. दुष्काळानंतर तो पिंपळ पुन्हा पालवला होता. “देवाला कुणी वाटीत बसवतं का रे बसप्पा?” असं त्या मुलाला विचारायच्या.

यांनी आणि अप्पांनी मिळून पुढं त्या झाडाचं जे केलं, ते मी दहा वर्षं रोज बघितलं. एकदा यांनी कॉलेजातून एक परदेशी मासिक आणलं. त्यात लिंडेन नावाच्या झाडाचं बोन्साय होतं. थंड देशातलं झाड, पण पान थेट बदामाच्या आकाराचं. त्याच्या रोपापासून झाड कसं घडवत नेलं, त्याचे फोटो ओळीनं छापले होते. आधी काही वर्षं बुंधा जाड होऊ द्यायचा. मग शेंडा कापायचा. फांद्यांना तांब्याची तार गुंडाळून वळण द्यायचं. दर दोन-तीन वर्षांनी झाड बाहेर काढून मुळं विंचरायची आणि कापायची. अप्पांनी शेवटच्या फोटोवर बोट ठेवून वय विचारलं. हे म्हणाले, खाली साठ वर्षं लिहिलंय.

अप्पांनी बोट फोटोवर तसंच ठेवलं. मग म्हणाले, “म्हणजे ज्यानं लावलं त्यानं हे बघितलं नसंल.”

मोटार दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची जुनी तार आली आणि पितळी वजनं उतरली. तार गुंडाळायला हे बसायचे, पण फांदी वाकवायचे अप्पाच. किती जोर लावला की लाकूड ऐकेल आणि किती लावला की मोडेल, हे त्यांच्या बोटांना कळायचं. पाण्याचंही तसंच. हे माती उकरून ओल बघायचे. अप्पा सकाळी अंघोळ करून यायचे, खापर दोन्ही हातांनी जरासं उचलायचे आणि तहान लागली आहे की नाही ते सांगायचे. यांनी सुरुवातीला गंमत म्हणून तपासून बघितलं. आठवडाभरात तपासणं सोडून दिलं.

मुळं कापायला मात्र अप्पा दोन वर्षं तयार होत नव्हते. खापरात मुळांचा गोळा झाला होता, पाणी वरच्या वर वाहून जायचं. १९७६ च्या आषाढात शेवटी ते हो म्हणाले. यांनी कात्री चालवली, अप्पांनी झाड धरलं. तिसरा हिस्सा मुळं गेली. आठ दिवसांत एकूण एक पान गळलं. राहिला नुसता वीतभर सुकलेला बुंधा.

अप्पांनी यांच्याशी बोलणं बंद केलं. भांडण नाही, शब्द नाही. रोज सकाळी खापर उचलायचे, ठेवायचे आणि मोंढ्यात जायचे. हे घरात येरझाऱ्या घालायचे, पुस्तकं चाळायचे. मला म्हणाले, मी त्या माणसाचं झाड मारलं. श्रावण अर्धा सरला. एका सकाळी मी चुलीपाशी होते आणि अप्पांनी पुढच्या दाराशी येऊन हाक मारली. महिन्याभरानंतर पहिल्यांदा.

“सर, जरा या.”

आम्ही दोघंही गेलो. फांदीवर नव्हे, जिथं कुणी अपेक्षा केली नव्हती तिथं, बुंध्याच्या सुरकुतीतून एक डोळा फुटला होता. तांबूस, तांदळाएवढा. अप्पा उकिडवे बसले, मीही बसले. आम्ही तिघं एवढ्याशा त्या कोंबाकडं किती वेळ बघत होतो कोण जाणे. चुलीवरचं दूध उतू गेलं त्या दिवशी. मुलींना शाळेत मी अंकुरण शिकवायचे, फळ्यावर आकृती काढून. त्या दिवसानंतर ते शिकवताना मला मध्येच थांबावं लागायचं.

१९७९ साली शांतम्मा अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं की या वयात ते जुळायचं नाही. खाट त्यांना कायमचीच लागली. दुखण्याबद्दल त्या बोलत नसत. पण सोमवार आला की सकाळपासून दाराकडं तोंड करून पडायच्या. तिथून मठाच्या पिंपळाचा शेंडा तरी दिसेल म्हणून. दिसत नव्हता, मध्ये घरं होती. अप्पांनी एकदा त्यांना पाठुंगळी घेऊन मठात नेलं, पण येताना वेदनेनं त्यांची शुद्ध हरपली. पुन्हा त्यांनी नाव काढलं नाही.

पुढं एका सोमवारी मी त्यांना पेज द्यायला गेले होते. अप्पा मोंढ्यात जायच्या तयारीत होते. शांतम्मांनी त्यांना जवळ बोलावलं.

“ते तुझं आण,” त्या म्हणाल्या.

“काय, अव्वा?”

“पिंपळ.”

अप्पांना वाटलं, आई रागावून काही बोलणार. त्यांनी खापर आणून खाटेशेजारी स्टुलावर ठेवलं. शांतम्मांनी हात लांब करून बुंध्यावर बोट फिरवलं. फांद्यांवरून फिरवलं. एका पानाचं टोक चिमटीत धरलं. त्या पानांतून दाराकडचा उजेड येत होता. वारा नव्हता तरी पानं हलत होती, पिंपळाची हलतात तशी.

“हा तर अख्खा हाय रे,” त्या म्हणाल्या. “काईच कमी न्हाई याच्यात.”

मग म्हणाल्या, “मला फिरता येत न्हाई. त्याला फिरव.”

अप्पांनी टोपी काढून ठेवली. खापर दोन्ही हातांत छातीशी धरलं आणि आईच्या खाटेभोवती चालायला लागले. खोली लहान, भिंत आणि खाट यांच्यामधून अंग चोरून जावं लागे. शांतम्मा हात जोडून पडल्या होत्या आणि झाड जिकडं जाईल तिकडं मान वळवत होत्या. पहिली फेरी झाली तेव्हा अप्पांच्या तोंडून आपसूक निघालं, “लाभ.” मग दोन. मग तीन. मोंढ्यात म्हणत त्याच चालीवर. मी पेजेची वाटी हातात धरून भिंतीला चिकटून उभी. दारात कमलम्मा येऊन थांबल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला.

अकरा झाल्या. अप्पांनी झाड खाली ठेवलं. शांतम्मांनी डोळे मिटून घेतले होते.

त्यानंतर त्या दोन वर्षं जगल्या. एकही सोमवार चुकला नाही. गल्लीतल्या, खुंटवल्याचं बोलणाऱ्या बायकाही येऊन दाराशी उभ्या राहायच्या.

१९८२ च्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. कुठल्याही कागदासाठी दिवस मोडून लांब जावं लागे. आता कचेऱ्या लातूरला आल्या आणि सगळीकडं नवेपणाची लगबग सुरू झाली. पुढच्या जानेवारीत तिथं फुलांचं आणि झाडांचं प्रदर्शन भरलं. यांनी अप्पांना न विचारताच नाव देऊन टाकलं. अप्पा आधी नको म्हणाले, मग आदल्या दिवशी खापर स्वतः घासून घेतलं.

एसटीत अप्पांनी झाड मांडीवर घेतलं. चाकूरला गाडी भरली. एक फेटेवाले म्हातारे शेतकरी शेजारी बसले, त्यांनी झाडाकडं बघितलं, अप्पांकडं बघितलं, आणि पायातल्या वहाणा काढून सीटखाली सरकवल्या.

प्रदर्शनात गुलाब होते, शेवंती होती, पाच-सहा मोठ्या घरच्या कुंड्याही होत्या. चिनी मातीच्या कुंडीतलं एक सुबक बोन्सायही होतं, पुण्याहून विकत आणलेलं. अप्पांचं खापर शेवटच्या टेबलावर ठेवलं होतं. दुपारपर्यंत लोक त्याच टेबलाभोवती जमू लागले. खेड्यातून कामासाठी कचेरीत आलेली माणसं, त्यांच्या बायका. बसून, डोळे झाडाच्या उंचीला आणून बघत होते. तसं बघितलं की खापर दिसेनासं व्हायचं, आणि माळावरच्या शंभर वर्षांच्या पिंपळाखाली आपण उभे आहोत असं वाटायचं. मीही तसं बघितलं. आठ वर्षं रोज बघत होते, पण खाली बसून बघायचं मला सुचलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत खापरात कुंकू, अक्षता आणि एक हळकुंड पडलं होतं. परीक्षकांना ते काही आवडलं नाही. अप्पा शांतपणे एकेक तांदूळ वेचत बसले, कारण तांदूळ कुजला की मुळाला बुरशी लागते. त्यांना दुसरा नंबर मिळाला. प्रशस्तिपत्रं आधीच छापून ठेवलेली होती, त्यांवर जिल्हा उस्मानाबाद होतं. ते पेनानं खोडून वर लातूर लिहिलं होतं. अप्पांनी तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून कोपरीच्या खिशात ठेवला.

त्याच उन्हाळ्यात झाडाला फळं आली. पानांच्या बगलेत, जोडीजोडीनं, मिऱ्याएवढी. पिकल्यावर जांभळी झाली. आमच्या अंगणात एक बुलबुल यायला लागला. तो फांदीवर बसला की फांदी हलायची, आणि झाडापेक्षा पक्षी मोठा दिसायचा. अप्पा त्या दिवसांत मोंढ्यात उशिरा जायचे. लांब ओट्यावर बसून पक्ष्याचं खाणं होईपर्यंत हलायचे नाहीत.

चौऱ्याऐंशीमध्ये यांची बदली नांदेडला झाली. सामान बांधून झालं त्या दुपारी अप्पांनी यांना विचारलं, “सर, हे जगंल किती?”

हे म्हणाले, “पिंपळ आहे. पाणी मिळत राहिलं तर दोनशे वर्षंही जगेल.”

अप्पा झाडाकडं वळले. दोनशे म्हणजे काय, हे त्यांनी मनात कुठंतरी उचलून बघितलं असावं. साठी उलटली होती त्यांची. चेहऱ्यावर भीती नव्हती. लहान मूल किल्ल्याच्या तटाखाली उभं राहून वर बघतं तसे ते त्या वीतभर झाडाकडं बघत होते. मग त्यांनी आत हाक मारली.

कमलम्मा आल्या. अप्पांनी त्यांना खापराजवळ बसवलं आणि पाणी कधी घालायचं, किती घालायचं, मुळं कधी कापायची, हे अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. बारा वर्षांत कमलम्मांनी त्या खापराला हात लावलेला नव्हता. त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले आणि पुढं केले.

महिन्याभरानं नांदेडला अप्पांचं पत्र आलं. सगळं ठीक आहे, लिहिलं होतं. पहिल्या आठवड्यात हिनं पाणी जास्त घातलं, चार पानं पिवळी पडली, आता जमायला लागलंय.